इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेल्या जुन्या बुलेटचं टायमिंग कसं लावायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोपरखैरण्यात राहणाऱ्या एका वाचकाकडे वडिलांची १९९४ सालची कास्ट आयर्न बुलेट ३५० आहे. पॉइंट (स्पार्कसाठी कॉइलचा प्रवाह तोडणारा यांत्रिक स्विच) सारखे जळायचे म्हणून त्यांनी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवून घेतलं: डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवर चुंबकाचा रोटर, पॉइंटच्या जागी पिकअपची प्लेट आणि टूलबॉक्समध्ये काळा डबा. तेव्हापासून गाडी आयडलला सुरेख चालते. पण किक उलटी येते, आणि चढावर टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दिला की इंजिनातून टिकटिक ऐकू येते. मेकॅनिक म्हणतो, “इलेक्ट्रॉनिकला टायमिंग नसतं, प्लेट मधोमध बसवली की झालं.” टायमिंग, म्हणजे पिस्टन कुठे असताना स्पार्क पडतो ते, खरंच लावावं लागतं का, आणि लागत असेल तर घरी जमेल का?

लावावं लागतं, आणि घरी जमतं. तुम्ही सांगितलेली लक्षणं एकाच दिशेला बोट दाखवतात: स्पार्क गरजेपेक्षा लवकर पडतोय. तो दुरुस्त होईपर्यंत त्या गाडीवर दोघं बसून चढ चढू नका आणि साध्या चपलेवर किक मारू नका. बुलेटची उलटी किक घोटा मोडू शकते.

आधी मेकॅनिकच्या वाक्याबद्दल. डब्याला फक्त एकच गोष्ट कळते: चुंबक पिकअपसमोरून गेला. त्या क्षणी पिस्टन कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं. ते नातं जुळतं फक्त प्लेट कुठल्या कोनात घट्ट केली आहे त्यावरून. पॉइंट झिजायचे, गॅप बदलायची, म्हणून टायमिंग पुन्हा पुन्हा लावावं लागायचं. इलेक्ट्रॉनिकमध्ये झिजणारा भाग गेला, त्यामुळे एकदा नीट लावलं की वर्षानुवर्षं टिकतं. पण चुकीचं लावलं तर तेही तितकंच टिकतं. आणखी एक बाब ध्यानात ठेवा. बुलेटचा डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. म्हणजे प्लेट १ अंश सरकली की क्रँकवर २ अंशांचा फरक पडतो. प्लेट “मधोमध” बसवताना ५ अंशांची चूक सहज होते. ती इंजिनाला १० अंशांनी भोवते.

स्पार्क पिस्टन वर पोचायच्या आधीच का द्यावा लागतो, हे एका हिशेबाने डोक्यात पक्कं बसेल. मिश्रण पेटून दाब वाढायला वेळ लागतो, आणि तो दाब पिस्टन वरच्या टोकावरून जरा खाली उतरल्यावर, साधारण १५ अंशांच्या आसपास, सर्वांत जास्त असायला हवा. १००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ६००० अंश फिरतो, म्हणजे १० अंश फिरायला सुमारे १.७ मिलिसेकंद लागतात. ३००० आरपीएमला तेवढ्याच वेळात ३० अंश फिरून होतात. पेटायला लागणारा वेळ फारसा कमी होत नसेल, तर वेग वाढेल तसा स्पार्क पुढे, म्हणजे आणखी आधी, न्यावाच लागेल. यालाच आपण ॲडव्हान्स म्हणतो. प्रत्यक्षात हे प्रमाण इतकं सरळ नसतं. वेगासोबत सिलिंडरमधली घुसळण वाढते आणि मिश्रण भराभर पेटतं, म्हणून ठरावीक वेगानंतर ॲडव्हान्स वाढवायची गरज उरत नाही. तिथे जो आकडा स्थिरावतो तो पूर्ण ॲडव्हान्स, आणि गाडीची तब्येत त्या आकड्यावर अवलंबून आहे. आयडलचा आकडा स्टार्टिंगपुरता.

तुमच्या गाडीचा घोळ इथे झाला असावा. तुमच्या मेकॅनिकने प्लेट मधोमध बसवली आणि नंतर इंजिन चालू ठेवून कानाने “जरा पुढे” घेतली असणार. पॉइंटच्या जमान्यात हात बसलेले मेकॅनिक तसंच करतात, आणि त्यांच्या कानाबद्दल मला आदर आहे. अडचण कानाची नाही, आयडलची आहे. आयडलवर टायमिंग पुढे नेलं की इंजिनाचा वेग वाढतो, आवाज स्वच्छ होतो, गाडी खूश झाल्यासारखी वाटते. त्यामुळे आयडलवर कानाने लावलेलं टायमिंग नेहमी पुढेच झुकतं. पॉइंटच्या गाडीत बॉबवेट (वेगासोबत बाहेर उघडून ॲडव्हान्स देणारी छोटी वजनं) किती अंश उघडतात हे ठरलेलं असायचं, म्हणून अनुभवी माणूस त्या हिशेबाने थोडं मागे घ्यायचा. तुमच्या डब्यातला ॲडव्हान्स वेगळा आहे. तो त्या कानाने कधी ऐकलेलाच नाही.

आता पहिली तपासणी. हिला पाच मिनिटं लागतात आणि अर्ध्याअधिक तक्रारी इथेच सापडतात. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, रोटर दोन बोटांत धरा आणि हलकेच पिळून बघा. थोडा फिरून स्प्रिंगने आपोआप मागे येतो का? येत असेल तर खालचे बॉबवेट जिवंत आहेत. आता किटचा कागद बघा. काही किट फक्त पॉइंटची जागा घेतात आणि ॲडव्हान्सचं काम बॉबवेटवरच सोडतात. त्यांच्यात रोटर असा हललाच पाहिजे. काही किटच्या डब्यातच ॲडव्हान्सचा आलेख भरलेला असतो. त्यांच्यात बॉबवेट काढून टाकायचे असतात किंवा जागच्या जागी जाम करायचे असतात. डब्यात ॲडव्हान्स आहे आणि खाली बॉबवेटही उघडताहेत, म्हणजे दुहेरी ॲडव्हान्स. आयडलला दोघेही झोपलेले असतात, त्यामुळे गाडी छान चालते. ॲक्सिलरेटर दिला की दोन्ही बेरजेने पुढे पळतात आणि चढावर टिकटिक सुरू होते. तुमच्या वर्णनावरून मला हाच संशय सर्वांत जास्त आहे. तसं निघालं तर बाकीचं काम करण्याआधी बॉबवेटचा बंदोबस्त करा. किटसोबत लॉक करायचा तुकडा आलेला असतो, आणि तो बऱ्याचदा खोक्यातच राहून जातो. खोकं टाकलं नसेल तर शोधा.

रोटर धरलेलाच आहे तर शाफ्ट आडवा हलवून बघा. बुश झिजल्यामुळे शाफ्ट खडखडत असेल, तर कुठलंही किट नीट चालणार नाही. चुंबक आणि पिकअप यांच्यातलं अंतर दर फेरीला बदलेल आणि स्पार्क इकडेतिकडे पडेल. आधी बुश बदलून घ्या. लेथवाल्याचं काम आहे, वागळे इस्टेटमध्ये तुमच्या ऑफिसच्या वाटेवर लेथची दुकानं मिळतील.

यानंतर बॅटरी. पॉइंटची बुलेट मरतुकड्या बॅटरीवरही चालू होते, इलेक्ट्रॉनिक डबा ते सहन करत नाही. किक मारताना बॅटरीच्या टोकांवर मीटर लावून व्होल्टेज बघा. किटने मागितलेल्या किमान आकड्याच्या खाली जात असेल, तर डबा वेळीअवेळी स्पार्क सोडतो, आणि उलटी किक नुसत्या त्यानेही येऊ शकते. ठाणे-बेलापूर रोडवर संध्याकाळच्या गर्दीत हेडलाइट लावून पाऊण तास रांगत आलात, तर बुलेटचा जुना अल्टरनेटर बॅटरी भरत नाही, उलट ती उतरत जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी किक उलटी आली की दोष टायमिंगला मिळतो. अर्थिंगही तपासा. पावडर कोटिंग केलेल्या फ्रेमवर नुसता स्क्रू मारून अर्थ मिळत नाही. डब्याची अर्थची वायर थेट बॅटरीच्या टोकाला किंवा इंजिनाच्या बोल्टला न्या.

कॉइलही बघून घ्या. पॉइंटची जुनी कॉइल ठेवली असेल तर तिचा प्रायमरी रेझिस्टन्स मोजा आणि कागदाशी ताडून बघा. फार कमी रेझिस्टन्सची कॉइल डबा जाळते. प्लगची कॅप रेझिस्टरवाली हवी, नाहीतर स्पार्कचा गोंगाट पिकअपच्या वायरीत शिरतो. आणि प्लग काढून कॅप लोंबकळत ठेवून चालू इग्निशनवर किक कधीही मारू नका. प्लग हेडला टेकवून अर्थ द्या, किंवा स्विच बंद ठेवा. स्पार्कला वाट मिळाली नाही तर तो डब्यातून वाट काढतो.

पिकअपच्या दोन वायरी उलट लागल्या असतील तरी असंच होतं. चुंबकी पिकअपमध्ये वायरी उलटल्या की डबा सिग्नलचा भलताच उतार पकडतो, आणि टायमिंग कित्येक अंशांनी सरकून वर अस्थिरही होतं. गाडी मात्र चालते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. रंग कागदाशी जुळवा.

आता वरचं टोक, म्हणजे टीडीसी, शोधणं. घाई सर्वांत जास्त इथेच होते आणि फटकाही इथेच बसतो. प्लगच्या भोकातून स्पोक घालून “आता वर आला” असं ठरवण्याची पद्धत बुलेटवर विश्वासाची नाही. एक तर प्लगचं भोक तिरकं आहे, त्यामुळे स्पोक पिस्टनची खरी उंची दाखवत नाही. दुसरं, वरच्या टोकाला पिस्टन जवळजवळ थांबलेलाच असतो. बुलेट ३५० चा स्ट्रोक ९० मिमी आहे. हिशेब केला तर टोकाच्या दोन्ही बाजूंना मिळून जवळपास ७ अंशांच्या पट्ट्यात पिस्टन फक्त ०.१ मिमी हलतो. एवढं डोळ्याला किंवा बोटाला कळणं शक्य नाही. अंदाज तिथेच ३ अंशांनी चुकतो आणि पुढचं सगळं त्या चुकीवर उभं राहतं.

म्हणून पिस्टन स्टॉप वापरा. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून काढा, उरलेल्या लोखंडी कवचात एक बोल्ट वेल्ड करून घ्या आणि त्याचं टोक कानशीने गोल करा. डावीकडचं फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढून प्रायमरीचं बाहेरचं कव्हर उतरवा. एकाच मोठ्या नटवर असतं. खाली भांडं ठेवा, तेल येईल. क्रँकच्या टोकावर अल्टरनेटरचा रोटर दिसेल. त्याच्या नटवर अंशांची चकती बसवा. पुठ्ठ्यावर चिकटवलेली छापील चकतीही चालते. केसिंगच्या एखाद्या स्क्रूखाली जाड तार अडकवून तिचं टोक चकतीपाशी आणा. हा झाला काटा.

गाडी मधल्या स्टँडवर, टॉप गिअरमध्ये, इग्निशन बंद. मागचं चाक हाताने फिरवलं की इंजिन फिरेल. किकने फिरवू नका, झटका बसतो. स्टॉप बसवण्याआधी पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत आहे ना ते बघा: टॅपेटचं झाकण उघडून दोन्ही पुशरॉड बोटांनी मोकळे फिरताहेत म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत. एक्झॉस्टच्या फेरीत स्टॉप घातला तर व्हॉल्व्ह त्याला लागण्याची भीती असते. पिस्टन थोडा खाली घ्या, स्टॉप आवळा आणि चाक अलगद पुढे फिरवा. पिस्टन स्टॉपला टेकला की चकतीवरचा आकडा वाचा. मग उलट फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवा. समजा एका बाजूला ३४ आला आणि दुसऱ्या बाजूला २६. म्हणजे तुमचा शून्य ४ अंशांनी चुकलाय. चकती सैल करून सरकवा आणि दोन्हीकडे ३० येईपर्यंत पुन्हा पुन्हा टेकवून बघा. दोन्हीकडे सारखा आकडा आला की चकतीचा शून्य हाच खरा टीडीसी. प्लगचं भोक तिरकं असलं तरी या पद्धतीला फरक पडत नाही, कारण दोन्ही वेळा पिस्टन त्याच उंचीवर अडतो.

स्टॉप काढा आणि अल्टरनेटरच्या रोटरच्या कडेवर काट्यासमोर दोन खुणा करा: एक शून्यावर, दुसरी पूर्ण ॲडव्हान्सच्या आकड्यावर. हा आकडा किटच्या कागदावर तुमच्या इंजिनासाठी दिलेला असतो, तोच घ्या. पांढरं नेलपॉलिश उत्तम, तेलाने पुसलं जात नाही. आधी पेट्रोलने कडा पुसून घ्या. खुणा झाल्या की चकती काढून ठेवा, चालू इंजिनावर पुठ्ठा फिरवत बसू नका.

इथे एक शंका येईल. बुलेटच्या जुन्या पुस्तिकेत टायमिंग “टीडीसीच्या ०.८ मिमी आधी” असं दिलेलं असतं, मग अंश कुठून आले? ०.८ मिमी हे पॉइंटच्या गाडीसाठी, बॉबवेट पूर्ण मिटलेले असतानाचं माप आहे, आणि बुलेट ३५० वर ते साधारण साडेनऊ-दहा अंश होतं. ॲडव्हान्स डब्यात असेल तर पूर्ण ॲडव्हान्सशी त्याचा संबंध उरत नाही. मिलिमीटरची पद्धत खरी शोभते ती राजदूत ३५० ला. तिथे प्लगचं भोक सरळ आणि मधोमध आहे, डायल गेज बसवता येतो. टायमिंग सगळ्या वेगांना एकच असतं, २.० मिमी, म्हणजे हिशेबाने जवळपास बरोबर २० अंश. त्या गाडीत ०.१ मिमी म्हणजे अर्धा अंश. दोन्ही सिलिंडर वेगवेगळे मोजावे लागतात आणि पुढे गेलेल्या टायमिंगने टू-स्ट्रोकचा पिस्टन वितळून भोक पडतं, म्हणून तिथे ढिलाई परवडतच नाही. राजदूतवाल्यांचे प्रश्नही येत असतात, म्हणून इथेच सांगून ठेवलं.

परत तुमच्या बुलेटकडे. पहिली बैठक थंड इंजिनावर करायची. ॲडव्हान्स डब्यात असेल तर चाक पुढच्याच दिशेने फिरवत, कॉम्प्रेशनच्या फेरीत, रोटरवरची पूर्ण ॲडव्हान्सची खूण काट्यासमोर आणा. पुढे गेलात तर नुसतं मागे घेऊन थांबू नका. पाव फेरी मागे जा आणि पुन्हा पुढून या. क्रँकपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंत गिअरची रांग आहे, प्रत्येक जोडीत थोडी मोकळीक आहे, आणि उलट दिशेने आलात तर ती सगळी मोकळीक तुमच्या मापात शिरते. आता प्लेटचे स्क्रू सैल करून चुंबक आणि पिकअप कागदात दाखवल्यासारखे समोरासमोर आणा. हॉल सेन्सरच्या (चुंबक थांबलेला असतानाही तो ओळखणाऱ्या पिकअपच्या) काही किटवर छोटा एलईडी असतो, तो लागतो किंवा विझतो तीच जागा. चुंबकी पिकअपमध्ये हलल्याशिवाय सिग्नलच तयार होत नाही, त्यामुळे पॉइंटसारखा बल्ब लावून काही कळणार नाही. अँपिअर मीटरचा काटा बघून किकची जागा शोधायची जुनी सवयही इथे सोडावी लागते, कारण इंजिन थांबलेलं असताना बहुतेक डबे कॉइलचा प्रवाह तोडून टाकतात. आता डिकम्प्रेसर (किक मारताना सिलिंडरमधला दाब सोडणारी लिव्हर) दाबून पिस्टन टोकाच्या जरा पुढे न्यायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण लांब किक मारायची, एवढाच क्रम.

आता दिव्याचं काम. झेनॉनची टायमिंग लाइट, हाय टेन्शन वायरवर चिमटा बसणारी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन मिळते. तिला वीज गाडीच्या बॅटरीतून न देता वेगळ्या १२ व्होल्ट बॅटरीतून द्या, नाहीतर ती मधूनच चुकीची लुकलुकते. मुठीवर ॲडव्हान्सचा डायल असेल तर तो शून्यावर ठेवा. काही इग्निशन प्रत्येक फेरीला स्पार्क देतात, एक कामाचा आणि एक वाया, आणि डायलचा हिशेब तिथे गंडतो. आपल्या रोटरवर खुणा आहेत, डायलची गरजच नाही.

काम संध्याकाळी, उजेड उतरल्यावर करा. पण सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये नको. बंद जागेत बुलेटचा धूर साठतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कव्हर, फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल परत बसवून गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून गरम करा, मग मोकळ्या जागेत कव्हर पुन्हा उतरवून काम करा. प्रायमरीचं कव्हर उघडं असताना चेन फिरणार आहे. बाह्या दुमडा, ओढणी-मफलर दूर ठेवा, मुलांना जवळ येऊ देऊ नका, चेनवर थोडं तेल सोडा आणि इंजिन एका वेळी मिनिटभरापेक्षा जास्त चालू ठेवू नका. हे काम वारंवार करणार असाल तर भंगारातून एक जुनं कव्हर घ्या आणि त्याला रोटरसमोर भोक पाडून ठेवा. फार सोय होते.

दिवा काट्यावर धरलात की फिरणारा रोटर जागच्या जागी थिजल्यासारखा दिसतो आणि खूण स्पष्ट उमटते. आयडलला काटा दोन खुणांच्या मध्ये कुठेतरी दिसेल. आता ॲक्सिलरेटर हळू उघडा. पूर्ण ॲडव्हान्सची खूण काट्याकडे सरकू लागेल. सरकत सरकत एका जागी थांबेल आणि मग वेग कितीही वाढवला तरी हलणार नाही. बुलेटला आरपीएमचा मीटर नाही याची चिंता नको. खूण थांबली, म्हणजे पूर्ण ॲडव्हान्स आला. ती नेमकी काट्यासमोर थांबली तर टायमिंग बरोबर. खूण काट्यापर्यंत पोचलीच नाही तर टायमिंग मागे आहे, काट्यावरून पलीकडे गेली तर पुढे. दुहेरी ॲडव्हान्स असेल तर ती काट्यावरून दहा-पंधरा अंश सरळ निघून जाते, अगदी नजरेत भरतं. आणि खूण थिजण्याऐवजी थरथरत असेल किंवा एकाच्या दोन-तीन दिसत असतील, तर शाफ्टचा बुश, गिअरची झीज, बॅटरी किंवा पिकअपची वायर यांपैकी काहीतरी बिघडलेलं आहे. तशा स्थितीत प्लेट फिरवण्यात अर्थ नाही.

प्लेट कुठे फिरवायची, यासाठी एकच नियम: डिस्ट्रिब्युटरचा रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट प्लेट नेली की टायमिंग पुढे, त्याच दिशेने नेली की मागे. इंजिन बंद करूनच फिरवा, पुन्हा चालू करून बघा. निम्म्या गतीचं गणित विसरू नका. दिव्यात ४ अंशांची चूक दिसली तर प्लेट २ अंशच हलवायची. पहिल्या वेळी बहुतेक जण दुप्पट हलवतात.

मी स्वतः रस्त्यावर काढण्यापूर्वी कागदातल्या आकड्यापेक्षा २ अंश मागे ठेवतो. जुनं कास्ट आयर्न इंजिन आहे. हेडमध्ये कार्बन किती साठलाय, बोअर कितव्यांदा झालाय, पिस्टन कुठल्या बनावटीचा आहे, हे कागद लिहिणाऱ्याला माहीत नसतं. दोन अंश मागे असल्याने ताकदीत जाणवण्याइतकी घट होत नाही. दोन अंश पुढे असण्याची किंमत मात्र पिस्टन आणि बिग एंड मोजतात. मग चढावर न्या. तुम्हाला बेलापूरची पारसिक टेकडी जवळ पडेल, ठाण्याकडच्या मंडळींना मुंब्रा बायपास. टॉप गिअरमध्ये ४५-५० च्या वेगाने चढाला लागा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा. कमी वेग, जास्त ओझं, उघडा थ्रॉटल: नॉकिंग (मिश्रण झटक्याने पेटून येणारी ती टिकटिक) असेल तर इथेच बोलेल. डब्यात खडे हलवल्यासारखा कोरडा टिकटिक आवाज आला की लगेच ॲक्सिलरेटर सोडा आणि टायमिंग आणखी एक अंश मागे घ्या. आवाज नाही, गाडी ओढतेय, उतरल्यावर सायलेन्सरमधून फटके येत नाहीत, तर तिथेच थांबा. फार मागे गेलं की गाडी जड होते, सायलेन्सरचा बेंड लवकर निळा पडतो आणि इंजिन तापतं.

बेंड निळा पडणं, ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटके येणं, तापणं, हे सगळं मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असल्यानेही होतं. त्यातच आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर तेच मिश्रण आपोआप थोडं पातळ पडतं. इथेनॉल नॉकिंगला रोखतं हे खरं, पण पातळपणाने वाढलेली उष्णता वेगळी भोवते. तेव्हा टायमिंग दिव्यावर बरोबर दिसत असूनही गाडी तापत असेल, तर प्लेटला हात लावू नका. कार्बोरेटर उघडा, मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) एक पायरी मोठा घालून बघा, इनटेकच्या रबरला भेगा आहेत का ते बघा. प्लगचा रंग चढ चढून झाल्यावर लगेच, इंजिन बंद करून काढलेल्या प्लगवर वाचा. सिग्नलला थांबत घरी आल्यावर काढलेला प्लग आयडलचीच कहाणी सांगतो.

सगळं जमलं की प्लेटच्या स्क्रूंना स्प्रिंग वॉशर आणि थोडं लॉकटाइट लावा, प्लेट आणि बॉडीवर आडवी एक बारीक रेघ ओढून ठेवा. पुढे कधी संशय आला तर प्लेट हललीय का हे एका नजरेत कळेल. आठवडाभराने स्क्रू पुन्हा तपासा. बुलेटची थरथर माहीत आहेच. पावसाळ्यापूर्वी डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाची पॅकिंग नवी घाला आणि पिकअपच्या कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा. तुमच्या रोजच्या वाटेवर विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साठतं. तिथून गाडी काढलीत की झाकणात पाणी शिरतं, आणि कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या की पिकअपचा सिग्नल क्षीण होतो. मग ऑगस्टमध्ये अचानक मिसिंग सुरू होतं आणि सप्टेंबरमध्ये आपोआप “बरं” होतं. पाणी दिसलं तर दुसऱ्या वाटेने जा.

तुम्ही शेवटी विचारलंय की हे सगळं करण्यापेक्षा परत पॉइंट बसवावेत का. माझं मत: नको. नीट लावलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन रोज वापरायच्या बुलेटला पॉइंटपेक्षा चांगलं, खास करून थंड स्टार्टिंगला आणि लांबच्या प्रवासात. पण डबा बिघडला तर रस्त्यात दुरुस्त होत नाही, म्हणून जुनी पॉइंटची प्लेट, कंडेन्सर, कॅम, आणि काढले असतील तर बॉबवेट व त्यांच्या स्प्रिंगसुद्धा, एका पिशवीत गाडीसोबत ठेवा. नुसती प्लेट ठेवून भागणार नाही, कारण बॉबवेटशिवाय पॉइंटला ॲडव्हान्सच मिळत नाही.

रोटर पिळून बघितल्यावर तो हलला की नाही, किक मारताना बॅटरीचं व्होल्टेज किती आलं, आणि दिव्याखाली खूण कुठे थांबली, या तीन गोष्टी कळवा. त्यावरून प्लेट किती हलवायची ते नक्की सांगता येईल.